ड्रायव्हर एक, उपकरणे अनेक

मा. संपादक यांस,

सादर नमस्कार.

विषय : ड्रायव्हर-लेखन शिकवताना एकाच प्रकारच्या अनेक उपकरणांचा विचार पहिल्या उदाहरणापासून व्हावा, याबाबत.

वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक पानांवर मोबाइल, ॲप आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांविषयी भरपूर मजकूर येतो. परंतु या सर्वांच्या तळाशी राहून प्रत्यक्ष यंत्राशी बोलणारा जो थर आहे, त्याच्याविषयी क्वचितच काही वाचायला मिळते. ऑपरेटिंग सिस्टिममधील ड्रायव्हर हा तो थर होय. तो लिहिण्याचे शिक्षण ज्या पद्धतीने दिले जाते तिच्यात एक मूलभूत उणीव आहे, आणि ती केवळ अभ्यासक्रमापुरती न राहता पुढे प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रांपर्यंत पोहोचते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ती उणीव अशी, की शिकवला जाणारा नमुना ड्रायव्हर हा एकाच उपकरणासाठी लिहिलेला असतो, आणि तशाच प्रकारचे दुसरे उपकरण जोडले गेल्यास काय करायचे हा प्रश्न पुढच्या, बहुधा कधीच न येणाऱ्या, प्रकरणावर सोपवलेला असतो.

या क्षेत्राशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. संगणकाला एकाच बनावटीच्या दोन डिस्क जोडल्या, किंवा चार पोर्ट असलेले नेटवर्क कार्ड बसवले, किंवा यूएसबीवरून सिरीयल पोर्ट देणारे दोन ॲडॅप्टर लावले, तर त्या प्रत्येकासाठी ड्रायव्हरची वेगळी प्रत मेमरीत येत नाही. ड्रायव्हरचा कोड एकदाच येतो आणि तोच सर्वांची कामे करतो. वेगळी असते ती प्रत्येक उपकरणाची माहिती : त्याची रजिस्टरे (आज्ञा देण्याच्या आणि स्थिती वाचण्याच्या छोट्या जागा) कोणत्या पत्त्यावर आहेत, त्याला कोणता इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) मिळाला आहे, त्याच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, किती बाइट पडून आहेत, ते आत्ता कोणी उघडले आहे का. दवाखान्यात डॉक्टर एकच असले तरी प्रत्येक रुग्णाचा केसपेपर वेगळा असतो, आणि समोर कोण बसले आहे हे पाहून तोच केसपेपर काढावा लागतो. ड्रायव्हरचे कामही याच शिस्तीचे आहे. या प्रत्येक केसपेपरला, म्हणजे उपकरण आणि त्याची माहिती या जोडीला, आमच्या व्यवहारात इन्स्टन्स म्हणतात.

आता नमुना ड्रायव्हर पाहावा. फाइलच्या सुरुवातीलाच काही ग्लोबल व्हेरिएबल्स, म्हणजे संपूर्ण ड्रायव्हरला सामाईक अशा माहितीच्या जागा, असतात : एक रजिस्टरांच्या पत्त्यासाठी, एक बफरसाठी, एकाच वेळी दोघांनी माहिती बदलू नये म्हणून एक लॉक, आणि उपकरण वापरात आहे की नाही हे सांगणारा एक फ्लॅग. एक उपकरण असेपर्यंत हा ड्रायव्हर निर्दोष चालतो, विद्यार्थ्याला गुण मिळतात आणि तोच साचा पुढे नोकरीत त्याच्या हातून उतरत राहतो. दुसरे उपकरण जोडले की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याच ड्रायव्हरचे प्रोब हे उपकरण सापडल्यावर चालणारे फंक्शन पुन्हा बोलावतो आणि दुसऱ्याचा पत्ता पहिल्याच्या पत्त्यावर लिहिला जातो. त्या क्षणापासून पहिल्या उपकरणासाठी आलेली विनंती दुसऱ्या उपकरणाच्या रजिस्टरांवर चालते. कोठेही त्रुटीचा संदेश उमटत नाही. वापरणाऱ्याला एवढेच दिसते, की एक उपकरण मुके झाले आहे आणि दुसरे अधूनमधून चुकीचे आकडे देत आहे; किंवा फ्लॅग सामाईक असल्यामुळे, पहिले उघडले असताना दुसरे उघडू पाहिल्यास ‘उपकरण व्यस्त आहे’ असे उत्तर येते.

उघड दिसणारी ग्लोबल व्हेरिएबल्स निदान वाचताना सापडतात. फंक्शनच्या आत ठेवलेले, पण ते संपल्यावरही टिकणारे स्टॅटिक व्हेरिएबल, उदाहरणार्थ मागच्या वाचनाची वेळ लक्षात ठेवणारे, हेही सर्व उपकरणांत सामाईकच असते, आणि ते तपासणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते. त्याहून फसवा प्रकार म्हणजे फंक्शनांच्या पॉइंटरांचा, म्हणजे पत्त्यांचा, तक्ता. काही ड्रायव्हर चिपची आवृत्ती ओळखून आपल्या एकमेव स्टॅटिक तक्त्यात त्या आवृत्तीची फंक्शने भरतात. जुन्या आवृत्तीची एक आणि नव्या आवृत्तीची एक अशी दोन कार्डे एकाच यंत्रात बसली, की नंतर ओळखल्या गेलेल्या कार्डाची फंक्शने आधीच्या कार्डालाही लागू होतात. असे तक्ते कॉन्स्ट, म्हणजे न बदलणारे, म्हणून घोषित करावेत, प्रत्येक आवृत्तीचा तक्ता वेगळा असावा, आणि कोणता तक्ता वापरायचा याचा पॉइंटर इन्स्टन्सच्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे त्याची सर्व माहिती एकत्र ठेवणाऱ्या रचनेत, असावा. मग कंपाइलरच ही चूक होऊ देत नाही.

या प्रश्नाचे उत्तर कोणाला सापडलेले नाही असे मुळीच नाही. प्रचलित ऑपरेटिंग सिस्टिमांनी ते आपापल्या रीतीने दिले आहे आणि त्यांचा आकार जवळजवळ सारखा आहे. विंडोजच्या डब्ल्यूडीएम या ड्रायव्हर-रचनेत ड्रायव्हर लोड होताना ड्रायव्हर-एन्ट्री हे फंक्शन एकदा चालते, तर ॲड-डिव्हाइस हे फंक्शन सापडलेल्या प्रत्येक उपकरणासाठी स्वतंत्रपणे बोलावले जाते. ड्रायव्हर ऑब्जेक्ट एकच, डिव्हाइस ऑब्जेक्ट मात्र प्रत्येक उपकरणाचे निराळे, आणि त्या उपकरणाची खासगी माहिती त्याच्या डिव्हाइस एक्स्टेन्शनमध्ये. नंतरच्या केएमडीएफ चौकटीत तीच गोष्ट कॉन्टेक्स्ट या नावाने येते. फ्रीबीएसडीमध्ये तिला सॉफ्ट-सी म्हणतात आणि प्रत्येक उपकरणाला युनिट क्रमांक असतो. लिनक्समध्ये प्रोब फंक्शनने प्रत्येक वेळी नवे स्ट्रक्चर तयार करून ते डिव्हाइसच्या ड्रायव्हर-डेटा या जागेत अडकवायचे असते. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजांतही, काही मोजके ड्रायव्हर वगळता, उपकरण अनेक संख्येने येणार असे धरूनच लिहिण्याचा प्रघात असल्याचे नमूद आहे, आणि म्हणून प्रोबसह सर्व कॉलबॅक, म्हणजे कर्नलने बोलावण्याची ड्रायव्हरची फंक्शने, पुन्हा पुन्हा व एकाच वेळी चालू शकतील असे असावेत असे तेथे सांगितले आहे. इतक्या वेगवेगळ्या घराण्यांतील सिस्टिमा ज्या निष्कर्षाला पोहोचल्या, तो शिक्षणात मात्र ‘प्रगत विषय’ म्हणून बाजूला का ठेवला जातो, हे मला समजत नाही.

स्ट्रक्चर वेगळे केले म्हणजे काम संपले असेही नाही. खरा प्रश्न असतो तो योग्य क्षणी योग्य स्ट्रक्चरपर्यंत पोहोचण्याचा. लिनक्समधील कॅरॅक्टर ड्रायव्हर, म्हणजे बाइटांच्या ओघाने वाचल्या-लिहिल्या जाणाऱ्या उपकरणांचा ड्रायव्हर, हे याचे चांगले उदाहरण आहे. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमने डिव्हाइस फाइल उघडली की ओपन फंक्शनला आयनोड, म्हणजे त्या फाइलची कर्नलमधील नोंद, मिळतो. आयनोडमध्ये त्या उपकरणाच्या सी-डेव्ह घटकाचा पॉइंटर असतो. आणि स्ट्रक्चरच्या पोटातील एका घटकाचा पत्ता माहीत असल्यास अख्ख्या स्ट्रक्चरचा पत्ता काढून देणाऱ्या कंटेनर-ऑफ या मॅक्रोने आपण आपल्या इन्स्टन्सपर्यंत पोहोचतो. तो पत्ता फाइलच्या प्रायव्हेट-डेटा या जागेत ठेवला, की पुढच्या प्रत्येक रीड आणि राइटला तो आपोआप हाती येतो. या संपूर्ण मार्गात कोठेही ग्लोबल व्हेरिएबल लागत नाही. हे एकदा नीट समजलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही कॉलबॅककडे पाहताना पहिला प्रश्न हाच विचारतो, की मला मिळालेल्या पॅरामीटरांपैकी कशावरून माझे उपकरण ओळखता येईल. माझ्या मते ड्रायव्हर-लेखनातील ही सर्वांत मोलाची सवय आहे.

पूर्वी हा मार्ग निराळा होता आणि त्याची खूण अजूनही जुन्या कोडमध्ये दिसते. डिव्हाइस फाइलच्या मेजर क्रमांकावरून ड्रायव्हर ओळखायचा आणि मायनर क्रमांकावरून ठरावीक लांबीच्या ॲरेमधील, म्हणजे यादीतील, उपकरण निवडायचे, अशी ती रीत होती. लिनक्समध्ये हे दोन्ही क्रमांक प्रत्येकी ८ बिटांचे होते, म्हणजे एका मेजरखाली २५६ मायनर. आणि एससीएसआय या जोडणीने लावलेल्या डिस्कच्या ड्रायव्हरने प्रत्येक डिस्कला तिच्या पार्टिशनांसह १६ मायनर देऊ केल्यामुळे एका मेजरखाली १६ डिस्कच मावत. २००३ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या २.६ या कर्नलमध्ये मेजरसाठी १२ आणि मायनरसाठी २० बिट झाले आणि ही अडचण सरली. तरीही ‘जास्तीत जास्त ४ उपकरणे’ असा आकडा कोडमध्ये पक्का लिहून टाकण्याची प्रवृत्ती सरलेली नाही. असा आकडा हार्डवेअरच्या मर्यादेतून आला असेल तर गोष्ट वेगळी. लिहिणाऱ्याच्या टेबलावर किती पोर्ट होते यावरून तो आला असेल तर त्याला कोडमध्ये स्थान असू नये.

क्रमांकांबाबत आणखी एक सापळा सांगितला पाहिजे. प्रोबमध्ये काउंटर एकने वाढवायचा, रिमूव्हमध्ये, म्हणजे उपकरण निघताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, एकने कमी करायचा आणि काउंटरचे मूल्य हाच उपकरणाचा क्रमांक मानायचा, ही युक्ती सुचायला सोपी आणि दिसायला निर्दोष आहे. शून्य आणि एक अशा क्रमांकांची दोन उपकरणे जोडलेली असताना शून्य क्रमांकाचे काढून घ्यावे. काउंटर दोनवरून एकवर येतो. मग नवे उपकरण जोडले की त्याला एक हाच क्रमांक मिळतो, जो दुसऱ्याकडे आधीपासून आहे. शिवाय दोन उपकरणांचे प्रोब समांतर चालू शकतात, त्यामुळे लॉकविना वाढवलेला काउंटर तेथेही दगा देतो. लिनक्समध्ये याच कामासाठी आयडीए ही सोय तयार आहे, जी मोकळा असलेला सर्वांत लहान क्रमांक देते आणि परत केलेला क्रमांक पुन्हा वापरात आणते. ती शिकवायला अर्धा तास पुरतो.

इंटरप्टच्या संदर्भात तर अनेक इन्स्टन्सचा विचार अटळच असतो. पीसीआय या, संगणकात कार्डे जोडण्याच्या मार्गाच्या, जुन्या रचनेत इंटरप्टची एक वायर अनेक उपकरणांत सामाईक असू शकते, आणि ती उपकरणे एकाच ड्रायव्हरची असू शकतात. लिनक्समध्ये इंटरप्टसाठी नोंदणी करताना जो शेवटचा पॅरामीटर द्यावा लागतो, तो अशा वेळी त्या उपकरणाची ओळख असतो : इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनला, म्हणजे हँडलरला, तोच परत मिळतो आणि नोंदणी रद्द करताना नेमका कोणाचा हँडलर काढायचा हे त्यावरूनच ठरते. सामाईक वायरवर तो पॅरामीटर रिकामा ठेवल्यास कर्नल नोंदणीच नाकारतो. पण सगळ्या इन्स्टन्ससाठी एकच ग्लोबल पत्ता दिला तर नोंदणी होते आणि चूक दडून राहते. मग एक उपकरण काढताना दुसऱ्याचा हँडलर निघून जाण्याची शक्यता असते. हँडलरची दुसरी जबाबदारी अशी, की आपल्या उपकरणाच्या स्टेटस रजिस्टरला विचारून, इंटरप्ट त्याचा नसेल तर तसे प्रामाणिकपणे सांगावे. हँडलर चुकीच्या इन्स्टन्सचे रजिस्टर पाहत राहिला, तर खऱ्या उपकरणाची हाक कोणीच ऐकत नाही. १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक इंटरप्ट असे बेवारस राहिले, की कर्नल ती वायरच बंद करतो आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या, पूर्णपणे निरपराध अशा इतर उपकरणांवरही संकट येते. एका ड्रायव्हरमधील निष्काळजीपणा शेजारच्या ड्रायव्हरला कसा भोवतो हे दाखवण्यासाठी याहून बोलके उदाहरण नाही.

लॉकविषयी शिकवताना बहुधा ‘सामाईक गोष्टीला लॉक लावा’ एवढेच सांगितले जाते. सामाईक कोणात, हे सांगितले जात नाही. एकाच ग्लोबल लॉकने सर्व उपकरणे बांधली तर उत्तरे बरोबर येतात, पण एक उपकरण उत्तर द्यायला वेळ घेत असेल तर त्याच्यापायी बाकीची सर्व ताटकळतात. उलटपक्षी क्रमांकांचा साठा किंवा सर्व इन्स्टन्सची यादी ही खरोखरच ड्रायव्हरभर सामाईक असते आणि तिला इन्स्टन्सचा लॉक लावून काही साधत नाही. मधली स्थिती सर्वांत अवघड : दोन पोर्ट असलेल्या कार्डावर प्रत्येक पोर्ट हा स्वतंत्र इन्स्टन्स असतो, परंतु रिसेटची व्यवस्था किंवा फर्मवेअर (कार्डातच चालणारा प्रोग्रॅम) दोघांत मिळून एकच असते. तेथे पोर्टचे स्ट्रक्चर, कार्डाचे स्ट्रक्चर आणि ड्रायव्हरची सामाईक माहिती अशा तीन पातळ्या स्पष्ट ठेवाव्या लागतात, आणि एका पोर्टची चूक दुरुस्त करण्यासाठी कार्ड रिसेट करताना दुसऱ्या पोर्टचे काम आधी सुरक्षितपणे थांबवावे लागते. कोणती माहिती कोणाच्या मालकीची आहे, हा निर्णय कागदावर घेतल्याशिवाय कोडची पहिली ओळ लिहू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता मी त्या भागाकडे येतो जो मला सर्वांत गंभीर वाटतो, तो म्हणजे उपकरण निघून जाण्याचा. नमुना ड्रायव्हरमध्ये साफसफाई मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये लोड केलेला ड्रायव्हर, काढण्याच्या फंक्शनमध्ये असते, कारण उपकरण आणि मॉड्यूल यांचे आयुष्य एकच आहे असे तेथे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात मॉड्यूल तसेच राहते आणि उपकरणे येतात-जातात. यूएसबीची केबल माणूस कधीही ओढतो. त्या वेळी एखाद्या प्रोग्रॅमने डिव्हाइस फाइल उघडून ठेवलेली असू शकते, एखादे रीड उत्तराची वाट पाहत असू शकते, एखादा टायमर काही मिलिसेकंदांत वाजणार असू शकतो. फाइल उघडी असेपर्यंत मॉड्यूल काढता येत नाही हे खरे; पण त्यामुळे उपकरण काढणे थांबत नाही, आणि या दोन गोष्टींमधील फरक अनेक अनुभवी लेखकांच्याही ध्यानात राहत नाही.

लिनक्समध्ये उपकरणाशी बांधलेली मेमरी देणारी डेव्ह-एम कुटुंबातील फंक्शने आहेत, आणि ती उत्तम आहेत : प्रोब अर्ध्यावर फसला किंवा उपकरण निघून गेले, तरी घेतलेली साधने आपोआप परत केली जातात, तीही ज्याची त्या इन्स्टन्सची. परंतु इन्स्टन्सचे मुख्य स्ट्रक्चरच या मार्गाने घेतले आणि त्याचा पत्ता उघड्या फाइलच्या प्रायव्हेट-डेटामध्ये ठेवला, तर रिमूव्ह झाल्याबरोबर ती मेमरी परत जाते आणि फाइलकडे मेलेला पत्ता उरतो. पुढचे रीड त्या पत्त्यावर जाते. तेथे तोवर दुसऱ्याच कोणाची माहिती आलेली असू शकते, कदाचित त्याच ड्रायव्हरच्या नव्याने जोडलेल्या उपकरणाचीही, आणि मग हा केवळ बिघाड न राहता सुरक्षेतील भगदाड ठरते. म्हणून दोन आयुष्ये वेगळी ओळखली पाहिजेत. रजिस्टरे आणि इंटरप्ट यांचे आयुष्य उपकरणाबरोबर संपते. ज्या स्ट्रक्चरकडे उघड्या फाइली बोट दाखवतात त्याचे आयुष्य शेवटची फाइल बंद झाल्यावरच संपले पाहिजे. त्यासाठी के-रेफसारखा, किती धारक उरले हे मोजणारा, संदर्भ-गणक असतो. रिमूव्हने लॉक घेऊन ‘उपकरण गेले’ अशी नोंद करावी, वाट पाहणाऱ्यांना जागे करावे, त्या इन्स्टन्सचे, आणि फक्त त्याच इन्स्टन्सचे, टायमर व वर्क (नंतर करण्यासाठी नोंदवलेली कामे) रद्द करून ते थांबल्याची खात्री करावी. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक विनंतीला ‘असे उपकरण नाही’ हे उत्तर मिळावे, आणि मेमरी सोडण्याचे काम शेवटच्या धारकाकडे राहावे.

याच्या जोडीला प्रोबच्या अपयशाचा मार्गही येतो. तिसऱ्या उपकरणाचा प्रोब मेमरीअभावी फसला, तर त्याने घेतले तेवढेच उलट्या क्रमाने परत करावे. पहिली दोन उपकरणे सुरळीत चालू असताना सामाईक क्लास (उपकरणांचा नोंदणीगट) किंवा क्रमांकांची रेंज रद्द करून टाकणारे ड्रायव्हर पाहण्यात येतात, आणि हा मार्ग सहसा चालवून पाहिलेलाच नसतो.

वापरकर्त्याच्या बाजूने पाहिले तर प्रश्न ओळखीचा असतो. दोन नेटवर्क कार्डांना इथ-शून्य आणि इथ-एक ही नावे सापडण्याच्या क्रमाने मिळत, आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना क्रम बदलला तर नावांची अदलाबदल होई. फायरवॉलचे नियम नावावर लिहिलेले असल्यास त्याचा परिणाम काय होईल हे सांगायला नको. २०१३ च्या जानेवारीत आलेल्या लिनक्समधील सेवा सुरू करणाऱ्या व सांभाळणाऱ्या सिस्टिम-डीच्या १९७ या आवृत्तीपासून कार्डाच्या जागेवरून किंवा फर्मवेअरने दिलेल्या माहितीवरून ठरणारी स्थिर नावे देण्याची सोय झाली. यू-डेव्ह ही डिव्हाइस फाइली सांभाळणारी सोय डिस्क आणि सिरीयल पोर्टसाठीही ओळखीवरून आणि जागेवरून असे दोन प्रकारचे दुवे तयार करते. ड्रायव्हरने नाव ठरवण्याच्या भानगडीत न पडता, ओळख पटवण्याजोगी माहिती प्रामाणिकपणे वर पोहोचवावी हे यातून निघते. पण ती माहिती उपकरणात असली तर पोहोचवणार. यूएसबीच्या नियमांनुसार अनुक्रमांक देणे ऐच्छिक आहे, आणि अनेक स्वस्त उपकरणांत तो नसतो किंवा सगळ्या नगांत एकच असतो. अनुक्रमांक नसेल तर विंडोज उपकरणाची ओळख ते कोणत्या पोर्टला लागले आहे यावरून ठरवते, म्हणून तोच ॲडॅप्टर शेजारच्या पोर्टला लावला की नवा कॉम क्रमांक (विंडोजमधील सिरीयल पोर्टचे नाव) मिळतो. लिनक्समध्ये दोन नगांचा अनुक्रमांक एकच असेल तर ओळखीवरचा दुवा दोहोंपैकी एकाकडेच जातो. हार्डवेअर बनवणाऱ्यांनी प्रत्येक नगाला खरोखर वेगळा अनुक्रमांक द्यावा, ही मागणी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी लावून धरली पाहिजे.

तुलनेने लहान, पण रोजच्या कामात जाणवणाऱ्या दोन गोष्टी येथेच सांगतो. मॉड्यूल पॅरामीटर हा संपूर्ण ड्रायव्हरचा असतो. एका उपकरणाचा वेग बदलायचा आणि दुसऱ्याचा नाही, हे त्याने साधत नाही, म्हणून अशा सेटिंगसाठी सिस-एफएसमध्ये, म्हणजे उपकरणांची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या कर्नलच्या सोयीत, प्रत्येक उपकरणाखाली स्वतंत्र ॲट्रिब्यूट असावे. आणि लॉगमध्ये ‘वाचन फसले’ एवढेच लिहिणारा ड्रायव्हर आठ उपकरणांच्या यंत्रावर निरुपयोगी असतो. डिव्हाइसचा पॉइंटर घेणारी लॉगची फंक्शने वापरली की ओळीच्या सुरुवातीला ड्रायव्हरचे आणि नेमक्या उपकरणाचे नाव आपोआप येते.

‘आमच्या उत्पादनात असे उपकरण एकच असणार आहे’ हा या सगळ्यावरचा नेहमीचा आक्षेप आहे. तो मी हलका मानत नाही, कारण वेळेचे दडपण खरे असते. पण एकाच चिपमध्ये युआर्टचा, म्हणजे सिरीयल पोर्ट चालवणाऱ्या सर्किटचा, तोच ब्लॉक तीन-चार वेळा बसवणे ही सर्वसाधारण बाब आहे. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे यंत्रातील उपकरणांच्या वर्णनात, तसाच आणखी एक नोड (नोंद) लिहिला की प्रोब पुन्हा चालतो, आणि तो नोड लिहिणारा माणूस ड्रायव्हर लिहिणाऱ्याला विचारायला येत नाही. एसआर-आयओव्ही ही सोय असलेले एकच भौतिक कार्ड स्वतःची अनेक आभासी रूपे पुढे करते, आणि प्रत्येक रूप हे कर्नलच्या दृष्टीने वेगळे पीसीआय उपकरण असते. म्हणजे यंत्रात डोळ्यांना एक कार्ड दिसते म्हणून इन्स्टन्सही एकच, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. ज्या ठिकाणी उपकरण खरोखरच एकमेव असते, जसे संपूर्ण यंत्राची वीज सांभाळणारा कंट्रोलर, तेथे तसे लिहायला हरकत नाही. मात्र ते गृहीत कोडमध्ये उघडपणे मांडावे आणि दुसरा प्रोब आल्यास तो स्पष्ट त्रुटी देऊन परत पाठवावा. गप्प राहून पहिल्याची माहिती पुसणे मात्र कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही.

चाचणीसाठी दोन-दोन महागडी उपकरणे कोठून आणायची, असेही विचारले जाते. त्याची गरज नाही. लिनक्समधील व्हिव्हिड हा आभासी व्हिडिओ ड्रायव्हर एका पॅरामीटरने एकाहून अधिक उपकरणे उभी करतो, नल-ब्लॉक हा ड्रायव्हर हवी तितकी आभासी ब्लॉक उपकरणे देतो, आणि असे ड्रायव्हर वाचणे हाच एक चांगला अभ्यास आहे. क्यूईएमयू या आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एकाच प्रकारची अनेक उपकरणे जोडून यंत्र चालू असताना ती काढता येतात. प्रत्यक्ष उपकरण असेल तर केबल न ओढताही, सिस-एफएसमधील अनबाइंड आणि बाइंड या फाइलींत लिहून, एका इन्स्टन्सला ड्रायव्हरपासून सोडवून पुन्हा जोडता येते, आणि दुसरा इन्स्टन्स त्या काळात अखंड चालतो का हे तपासता येते. कर्नलमधील केसॅन ही मेमरी तपासणारी सोय चालू ठेवून हीच कृती फाइल उघडी असताना केली, तर मेलेल्या पत्त्यावर केलेले वाचन ती फंक्शनच्या नावासह समोर ठेवते. या कृतीला काही मिनिटे लागतात. ती न केल्यामुळे ग्राहकाच्या यंत्रावर उद्भवलेला दोष शोधायला आठवडे जाऊ शकतात, कारण विकासकाच्या टेबलावर उपकरण एकच असते आणि तेथे तो दोष कधी दिसतच नाही.

म्हणून अध्यापक, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्या आणि मराठीतून संगणकशास्त्राची पुस्तके लिहिणारे लेखक यांना माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे, की ड्रायव्हरच्या पहिल्याच उदाहरणात इन्स्टन्सचे स्ट्रक्चर असावे आणि बदलता येणारे एकही ग्लोबल व्हेरिएबल नसावे. त्यामुळे उदाहरण वीस-पंचवीस ओळींनी लांबेल, पण विद्यार्थ्याला नंतर काही विसरावे लागणार नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकाने विद्यार्थ्याचा ड्रायव्हर लोड करून तशीच दोन आभासी उपकरणे जोडावीत, दोन्हींवर एकाच वेळी वाचन-लेखन सुरू करावे, एकाची फाइल उघडी असतानाच ते काढून घ्यावे, दुसऱ्याचे काम थांबत नाही ना हे पाहावे, आणि काढलेले पुन्हा जोडून त्याला योग्य क्रमांक मिळतो का हे तपासावे. गुण त्यानंतर द्यावेत.

कळावे.

आपला विश्वासू,
ऑपरेटिंग सिस्टिमच्या क्षेत्रात काम करणारा एक वाचक